आतारसरांचे सालगडी

आतारसर बाजारात मुळा घेताना आधी त्याचा वास घ्यायचे, मग नखानं साल खरवडून जिभेला लावायचे, आणि मग मुळे विकणाऱ्या बाईला अगदी अदबीनं विचारायचे, "हा किती वाजता उपटला?"

बाई बिचारी बघतच राहायची. भोरच्या बाजारात लोक भाव विचारतात, घासाघीस करतात, जास्तीची जुडी मागतात. मुळ्याची वेळ विचारणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलेलं. "पाटं उपटला की," ती अंदाजानं ठोकून द्यायची. सर घड्याळात बघायचे, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचे आणि म्हणायचे, "मग हायेत. अजून जित्ते हायेत." पाच किलो मुळा पिशवीत भरून ते निघाले की ती शेजारणीला म्हणायची, "मानूस चांगला हाय, पर घरी काय तरी बिनसलं असंल."

घरी बिनसायला कुणी नव्हतंच. सर एकटे राहायचे. आतार घराण्याचं भोरात अत्तर, कुंकू, बुक्का, गुलाल यांचं जुनं दुकान. दुकान धाकटा भाऊ बघायचा आणि वरच्या माडीवर सर. साऱ्या घराला गुलाबाचा नि चंदनाचा वास, आणि या एका माणसाच्या अंगाला थंडी सुरू झाली की मुळ्याचा. भाऊ हात जोडून म्हणायचा, "भाई, मागच्या जिन्यानं ये की रे. पुढनं आलास की गिऱ्हाईक नाक दाबून जातं." सर मुकाट्यानं मागच्या जिन्यानं जायचे. त्यांना स्वतःला तो वास येतच नसे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आमच्या भोरच्या कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी भौतिकशास्त्र. दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एक फळ्यांची भिंत, आणि फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. त्या फटींतून त्यांचा अमोनिया माझ्या वर्गात यायचा. मी 'प्रकाशाचे वक्रीभवन' शिकवतेय आणि पुढच्या बाकावरच्या मुली घळाघळा रडतायत, असं कितीदा झालं. मी तावातावानं पलीकडे जायची. सर चंचुपात्रावर ओणवे झालेले असायचे. वर न बघता एक बोट उभं करायचे. "मॅडम, हळू. गडी कामाला लागलाय."

हा 'गडी' काय प्रकार आहे ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण एकदा त्यांनी न विचारता माझ्या कपाटातलं नालेच्या आकाराचं मोठं लोहचुंबक नेलं. मी भांडायला गेले. ती दुपारची वेळ होती. मुलं घरी गेलेली, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं, आणि टेबलावर एका काचेच्या भांड्यात दाट काळं पाणी. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी लोहचुंबक भांड्याला टेकवलं. काळं पाणी हललं. अगदी सावकाश, झोपेतून उठून कुणी कुशीवर वळावं तसं ते सगळं एका बाजूला सरकलं, काचेला चिकटून बसलं, आणि उरलेलं पाणी स्वच्छ झालं. मी भांडायला आले होते हे विसरून स्टुलावर बसले.

"ह्ये माझे सालगडी," सर म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मुळ्यात एक विकर असतं, आपण एन्झाइम म्हणतो ते. त्याला हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब दिले की ते पाण्यातला रंग मोडून टाकतं. कापडाचा रंग, सुताचा रंग, कारखान्यातनं येतो तो. "पण हा सुटा गडी," सर म्हणाले. "सुटा गडी दिवसभर राबतो आणि संध्याकाळी निघून जातो. पाण्याबरोबर वाहून गेला की संपला. उद्या पुन्हा नवा शोधा, पुन्हा मुळे किसा. म्हणून त्याला बांधून घ्यायचं. सालगडी करायचा." बांधायचं कशाला, तर लोखंडाच्या एका काळ्या भुकटीला. तिचा कण इतका बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. नॅनो म्हणतात त्याला. कणाच्या अंगावर विकर चिकटवायचं, रंगाच्या पाण्यात सोडायचं, काम झालं की लोहचुंबकानं सगळे कण गोळा करून घ्यायचे, धुवायचे, आणि दुसऱ्या पाण्याला पुन्हा कामावर लावायचे.

"परदेशात मोठाल्या प्रयोगशाळांत करत्यात," सर म्हणाले. "म्हटलं, मुळा तर आपला हाय."

मी म्हटलं, "लोहचुंबक माझं आहे."

"व्हय, ते बी आपलंच," सर म्हणाले.

त्या हिवाळ्यापासून कॉलेजचं स्वास्थ्य बिघडलं. आमचा सेवक बबन सकाळी घंटा द्यायच्या आधी मुळे किसायला बसे. पाल्याचं काय करायचं हा प्रश्नच होता, म्हणून तो सगळ्यांना वाटला जाई. दोन महिने आम्हा सर्व प्राध्यापकांच्या डब्यात मुळ्याच्या पाल्याची भाजी. इतिहासाचे सर तर डबा उघडायच्या आधी डोळे मिटून घेत. प्राचार्यांनी कॉलेजच्या मागे गुलाबाचे वाफे करायला जागा राखली होती, तिथे एक दिवस मुळ्याचे वाफे दिसले. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. "आतार, हे अभ्यासक्रमात आहे का?"

"अभ्यासक्रमात नाही सर," आतारसर नम्रपणे म्हणाले, "ओढ्यात आहे."

ओढा सारोळ्याचा. तिथे हमरस्त्याजवळ सूत रंगवायचा एक छोटा कारखाना होता. त्याचं पाणी मागच्या ओढ्यात सुटे. ज्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाचा ओढा. सर पहिल्यांदा तिथलं पाणी बाटलीत भरून घ्यायला गेले त्या दिवशी ओढा जांभळा होता. पहाटेचं धुकं अजून शेजारच्या नीरा नदीवर रेंगाळलेलं, आणि त्या धुक्यात खालून जांभळं पाणी चाललेलं. "वाईट गोष्ट हाय, पण इतकं सुंदर दिसत होतं मॅडम," त्यांनी मला अपराध्यासारखं सांगितलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "आरं बाबा, असला रंग बाटलीत भरून घरी नेतुयास व्हय?"

ही ठकूबाई. वेल्ह्याकडची, तोरण्याच्या अंगाला कुठेतरी वरच्या वाडीत राहणारी. दिवाळी झाली की आपल्या चाळीसेक शेळ्या घेऊन खाली सारोळ्याच्या शिवारात उतरायची. शेतकरी तिच्या शेळ्या रात्री आपल्या मोकळ्या रानात बसवून घेत, रानाला खत मिळे आणि तिला दाणे. साठीची बाई, पायात मोटारीच्या टायरच्या वहाणा, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला अरे-तुरे. तिची अडचण एकच होती, पण मोठी होती. ओढ्याच्या रंगीत पाण्याला तिच्या शेळ्या तोंड लावत नसत. नीरेच्या पाण्याशी उतरायला जी वाट होती ती हमरस्त्याच्या पलीकडे. म्हणजे रोज चाळीस शेळ्या घेऊन तो रस्ता ओलांडायचा, आणि पाणी पाजून पुन्हा ओलांडायचा. रस्ता तेव्हा नुकताच चौपदरी झालेला. गाड्यांना वेग आलेला. आदल्या साली दोन शेळ्या ट्रकखाली गेल्या होत्या. त्यातली एक गाभण होती, असं ती सांगायची तेव्हा तिचा आवाज खाली यायचा.

सरांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. "मावशी, तुमाला रस्ता ओलांडायला लागणार न्हाई. ह्ये पाणी म्या नितळ करून देतो."

"किती नितळ?" ठकूबाईनं विचारलं. हा प्रश्न आमच्या विद्यापीठातल्या कुणालाही सुचला नसता. सरही अडखळले. तेव्हा तिनंच सांगितलं. त्यांच्यात अनोळखी पाणी आलं की आधी त्यात एक पांढरी गारगोटी टाकतात. तळाची गारगोटी दिसली की जनावर सोडायचं. न्हाई दिसली की हाकत पुढं जायचं. बापापासून चालत आलेलं. तिनं ओटीतून एक गारगोटी काढून सरांच्या हातावर ठेवली.

आता योग असा, की पाण्याचा रंग मोजायचं आमचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं आणि ते परत येईल अशी आशा सगळ्यांनी सोडली होती. सरांना ही गारगोटी म्हणजे अल्लानं धाडलेलं यंत्रच वाटलं. त्यांनी नदीतून तसल्याच गारगोट्या आणून प्रत्येक चंचुपात्रात एक एक टाकली. प्रयोगवहीत नोंदी पडू लागल्या : 'सकाळी अकरा, गारगोटी नाही.' 'साडेअकरा, गारगोटी आहे असा भास.' 'दुपारी एक, गारगोटी अंधुक.' प्राचार्यांनी वही चाळली आणि शांतपणे मिटून ठेवली. त्यानंतर त्यांनी आतारसरांना काही विचारणंच बंद केलं.

तीन हिवाळे गेले असे. कधी मुळा जून निघे. कधी भुकटी धुताना अर्धी वाहून जाई. एकदा बबननं थंडीत सरांच्या हातांना बरं म्हणून धुवायचं पाणी चांगलं कडकडीत तापवून दिलं आणि सगळे गडी एका घटकेत मेले. बबन रडकुंडीला आला. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे. बघू पुढल्या मुळ्याला." दुसरी माणसं पुढच्या वर्षी म्हणतात, सर पुढल्या मुळ्याला म्हणायचे. ईदचा शिरखुर्मा ते मला दरवर्षी चंचुपात्रातून आणून द्यायचे. भांडं नवं कोरं आहे अशी शपथ घ्यायचे. मी ते पातेल्यात ओतून घेई आणि वास घेऊनच खाई.

आणि ठकूबाई दर दिवाळीनंतर खाली उतरली की विचारायची, "झालं का रं मास्तरा पानी?"

चौथ्या हिवाळ्यात झालं. फळ्यांच्या फटीतून मला सरांची हाक ऐकू आली. नेहमीची दबकी. "मॅडम, येता का जरा?" टेबलावर चंचुपात्र होतं. त्यात सकाळी गडद जांभळं असलेलं पाणी होतं, आणि आता तळाशी गारगोटी होती. तिच्यावरची एक बारीक तांबूस रेघसुद्धा दिसत होती. सर तिच्याकडे बघत बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे, समोरचा चहा गार होऊन त्यावर साय आली होती. त्या काळ्या भुकटीनं आठव्यांदा काम केलं होतं. मला उगीचच भरून आलं. मी म्हणाले, "सर, झालं की हो."

आता कारखान्याचा मालक. माणूस वाईट नव्हता, पण रोज कुणी ना कुणी तक्रार घेऊन येई त्याला कावलेला होता. तो म्हणाला, माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवा, मग मागच्या बाजूला टाकी बांधून देतो. मग आमची तयारी सुरू झाली. मोठ्या पाण्याला माझं लोहचुंबक पुरणार नव्हतं, तेव्हा मी गणपती मंडळांकडचे फुटके लाउडस्पीकर गोळा केले, त्यांतली गोल लोहचुंबकं काढून पिशवीत घालून एका काठीला बांधली. सांगायला हरकत नाही, त्या काठीचा मला अभिमान वाटत होता. चार वर्षांत मीही त्या माणसाच्या नादाला लागले होते.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं, सर, बबन आणि मी, सारोळ्याला गेलो. ओढ्याच्या काठी दोन पांढरे टब ठेवले. दोन्हींत कारखान्याचं जांभळं पाणी. एक तुलनेसाठी तसाच ठेवायचा, दुसऱ्यात गडी सोडायचे. सरांनी ठेवणीतला इस्त्रीचा सदरा घातला होता आणि भावानं कानात अत्तराचा फाया दिला होता. मालक खुर्ची टाकून समोर बसला होता आणि ठकूबाई शेळ्या घेऊन बांधावर बसली होती. सरांनी तिला आवर्जून निरोप धाडला होता, आज या म्हणून.

सरांनी लिंबाच्या सत्त्वानं पाणी जरा आंबट केलं, काळी भुकटी सोडली, पेरॉक्साइडचे थेंब सोडले, आणि बोट उभं केलं. दुपार होती, वारा पडला होता, शेळ्या रवंथ करत होत्या. पाणी बदलताना दिसत नाही, हे मी तेव्हा शिकले. तुम्ही बघत असता, बघत असता, आणि केव्हातरी लक्षात येतं की जांभळं आता लालसर झालंय, लालसर फिकं झालंय. शेवटी माझी काठी पाण्यातून फिरवली. भुकटी येऊन तिला बिलगली. सरांनी खिशातून गारगोटी काढून टबात टाकली. ती तळाला जाईपर्यंत आणि गेल्यावरही स्पष्ट दिसत राहिली.

मालक उठून उभा राहिला. "वा सर. आता कोण तक्रार करतंय बघू. रंगच दिसला नाही तर बोलणार काय?"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं. मी बघत होते म्हणून मला ते दिसलं. त्याच वेळी ठकूबाईनंही बांधावरून वाकून टबात पाहिलं. तळाची गारगोटी तिला दिसली. तिनं जिभेनं टक् टक् आवाज केला आणि पुढची शेळी सोडली. "जा बाय. पी. मास्तरानं तुझ्यापायी केलंय."

शेळी आली. चार वर्षांत जिनं त्या पाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तिनं मान खाली घातली. बाकीच्या तिच्या मागे.

आणि आतारसरांनी शेजारचा जांभळ्या पाण्याचा टब दोन्ही हातांनी उचलला आणि त्या नितळ पाण्यात उपडा केला.

पाणी उसळलं. सरांचा इस्त्रीचा सदरा, पँट, वहाणा, सगळं जांभळं झालं. शेळी दचकून मागे सरली, तिनं एकदा नाक पुढे केलं, फुरफुरली आणि तोंड फिरवून बांधावर गेली. मालक म्हणाला, "सर, डोकं ठिकाणावर आहे ना?" बबन डोक्याला हात लावून खालीच बसला. ठकूबाई म्हणाली, "आरं मास्तरा, ह्ये काय केलंस?"

"मावशी, ह्ये पाणी पाजू नका," सर म्हणाले. "म्या चुकलो. रंग मोडलाय, पण मोडून त्याचं आत काय झालंय त्ये म्या अजून तपासलेलं न्हाई. कदाचित काय न्हाई. कदाचित रंगापरीस वाईट बी असंल. म्या निस्ती गारगोटी बघत बसलो."

येताना एस.टी.त मी त्यांना काय काय बोलले, ते आठवलं की आजही लाज वाटते. चार वर्षांचं काम पाण्यात घातलंत, म्हणाले. मालकाला सांगता आलं असतं, आधी तपासणी, मग टाकी. त्यासाठी एवढा तमाशा कशाला? सर खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "मालकाला सांगता आलं असतं मॅडम. शेळीला कसं सांगायचं? रंग होता तवर तिचं तिला कळत होतं. तेवढी एक राखण होती तिला. म्या तीच उठवून दिली."

मला त्या वेळी हे उत्तर पटलं नाही. मी रागावलेच होते. मालकानं फाटक लावून घेतलं, टाकीची गोष्ट संपली, आणि मी सरांशी बोलणं टाकलं. फटीतून अमोनिया आला तरी मी पलीकडे जात नसे. बबन बातम्या सांगायचा. सरांनी आता नितळ केलेल्या पाण्यात बारके मासे सोडून बघायला सुरुवात केलीय. पहिले मासे दोन दिवसांत मेले. सर त्या दिवशी जेवले नाहीत. आणि हल्ली तीन वाजले की सर कॉलेजातून निघून जातात, कुठे ते सांगत नाहीत. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, माणूस खचला. मनातून मला वाईट वाटत होतं, पण आधी त्यांनी बोलावं असं म्हणून मी अडून बसले होते. अशी मी आहे.

फेब्रुवारी संपत आला होता. मी माहेरून, साताऱ्याहून, एस.टी.नं परत येत होते. नीरेचा पूल ओलांडून सारोळे आलं आणि गाडी थांबली. पुढे ट्रक, टेम्पो, मोटारी, सगळं थांबलेलं. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि म्हणाला, "हा डाक्टर पुन्यांदा आलाय वाटतं." कंडक्टर म्हणाला, रोजचंच आहे हे, महिना झाला.

मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, प्रयोगशाळेतला पांढरा डगला घालून, दोन्ही हात आडवे पसरून आतारसर उभे होते. त्यांच्या मागून ठकूबाईच्या शेळ्या चालल्या होत्या. संध्याकाळचं तिरपं ऊन, खुरांची धूळ, आणि त्या धुळीत तो पांढरा डगला. एवढ्या गाड्या उभ्या होत्या, पण कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

मी पिशवी उचलली आणि उतरले.

शेळ्या दुभाजकापर्यंत गेल्या होत्या आणि तिथेच अडकल्या. सरांनी ही बाजू थांबवली होती, पण पलीकडच्या बाजूच्या गाड्या भरधाव सुटल्या होत्या. ठकूबाई दुभाजकावर काठी आडवी धरून शेळ्यांना रेटून उभी होती. मी सरांजवळ गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आश्चर्य वगैरे काही नाही.

"डगला बघून थांबत्यात," ते म्हणाले. "आरोग्य खात्याचा वाटतो म्या."

"सर, हे रोज करता?"

"शब्द दिला होता, रस्ता ओलांडायला लागणार न्हाई म्हणून. मासे अजून मरत्यात. मावशीला रस्ता ओलांडायला लागतोय, तर मग म्या यायला पायजे."

"आम्हाला सांगायचं तरी."

"तुमी बोलत न्हवता," सर म्हणाले. त्यात राग नव्हता. कुणी वेळ सांगावी तसं सांगितलं. मला तोंड वर करवेना.

"सातपर्यंत इथे, मग भोरला जायचं, मग जेवायचं कधी?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. "घरी..." आणि पुढे काय विचारायचं ते सुचेना. घरी कोण होतं त्यांच्या?

सरांनी दुभाजकाकडे पाहिलं. चाळीस माना त्यांच्याकडे वळलेल्या. "मावशी देते अर्धी भाकरी," ते म्हणाले. "आनि वाट बघायचं म्हणाल मॅडम, तर माझी वाट हितंच बघत्यात. भोरात कोन बघतंय?" आणि हसले. लाजून हसले. चार वर्षं एका फळीपलीकडे हा माणूस एकटा बसलेला होता, आणि मला त्याच्या अमोनियाशिवाय काही जाणवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा दोष द्यायला या वेळी अमोनियाही नव्हता.

"अडचण एवढीच हाय," सर नेहमीच्या शिकवायच्या सुरात म्हणाले, "ही बाजू थांबवून तिकडं पळालो की ही सुटते. दोन मानसं पायजेत. एकट्याचं काम न्हाई ह्ये."

मी पदर खोचला. दुभाजकावरून, शेळ्यांमधून वाट काढत पलीकडे गेले. ठकूबाई म्हणाली, "संबाळून गं बाय." समोरून एक ट्रक येत होता. मी रस्त्यात उभी राहिले आणि दोन्ही हात आडवे केले. ट्रक बराच जवळ येऊन थांबला. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, "काय झालं बाई?"

"काही नाही," मी म्हणाले. "जरा थांबा. आमच्या सरांच्या शेळ्या पाण्याला चालल्यात."